एक विद्यापीठ, दोन वारसे : बडोद्यात गाणं आणि चित्र वर्गात कसं आलं

३० एप्रिल १९४९ रोजी बडोदे संस्थानाच्या स्वतःच्या कायद्याने महाराजा सयाजीराव विद्यापीठ जन्माला आलं. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, तो कायदा करणारं संस्थानच मुंबई राज्यात विलीन झालं. वाडा सोडण्याच्या आदल्या दिवशी देवघराची व्यवस्था लावून द्यावी, तसा हा प्रकार. प्रतापसिंहराव गायकवाडांनी आजोबांच्या नावाने विद्यापीठ काढलं आणि आजोबांनी वाढवलेल्या शिक्षणसंस्था त्याच्या पदरात घातल्या. बडोदे कॉलेज, कलाभवन, प्राच्यविद्या मंदिर आणि सूरसागर तलावाच्या काठची गायनशाळा.

गायनशाळा त्या वेळी ६३ वर्षांची होती. चित्रकलेची शाळा मात्र या यादीत नव्हतीच. ती पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, कोऱ्या पाटीवर सुरू झाली.

आज कुठल्याही शहरात चित्रकारांच्या घोळक्यात ‘बडोदा’ म्हटलं की पुढचा शब्द ‘फाइन आर्ट्स’ असतो. गवयांच्या घोळक्यात बडोदा म्हटलं की आठवतात दरबारचे आग्रा घराण्याचे गायक फैयाजखाँ. तिथलं संगीत महाविद्यालय कुणाच्या तोंडी येत नाही. ज्या कलेला दांडगा वारसा मिळाला तिची संस्था गावापुरती राहिली, आणि जिला संस्थेचा वारसा नव्हता तिने देशभराच्या चित्रकलेला वळण लावलं. असं का झालं, हा या प्रकरणाचा प्रश्न. ‘राजाश्रय गेला आणि संगीत पोरकं झालं’ हे ठरावीक उत्तर मला पुरेसं वाटत नाही. राजाश्रय तर चित्रांचाही गेला होता.

कलावंत कारखाना

मराठी राज्यांत ‘कारखाना’ म्हणजे खातं. अठरा कारखान्यांची जुनी परंपरा गायकवाडांकडेही होती आणि गवई, बीनकार, तबलिये, सारंगिये, नर्तकी हे सगळे ‘कलावंत कारखान्या’त मोडत. म्हणजे ते संस्थानचे पगारी नोकर. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेला बारा वर्षांचा गोपाळराव पुढे सयाजीराव म्हणून कारभार बघू लागला, तेव्हा बाकीच्या खात्यांसारखीच या खात्यालाही शिस्त लागली. हजेरी आली, रजेचे नियम आले, कामाच्या वेळा आल्या. उस्तादांना हे कसं वाटलं असेल याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

पण सयाजीरावांचं खरं वेगळेपण हजेरीपटात नाही, १८८६ च्या गायनशाळेत आहे. दरबारचे गायक मौलाबक्ष तिचे प्रमुख. मौलाबक्षांनी उत्तरेचं आणि म्हैसूरकडचं, दोन्ही संगीत जवळून पाहिलं होतं. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती आणि तिच्या आधारे शाळेत वर्गवार शिक्षण सुरू झालं. गंडा न बांधता, उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पाणी न भरता, फळ्यावर लिहिलेले स्वर वाचून मुलगा चीज म्हणू लागतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. विष्णू दिगंबर पलुसकरांचं लाहोरचं गांधर्व महाविद्यालय निघालं १९०१ मध्ये, लखनौचं मॉरिस कॉलेज १९२६ मध्ये. बडोदे त्यांच्या कितीतरी आधी.

मौलाबक्षांचा मुलगा अलाउद्दीन पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनला गेला. नातू इनायतखाँ १८८२ मध्ये बडोद्यातच जन्मला, आजोबांच्या हाताखाली शिकला आणि १९१० मध्ये अमेरिकेला जाऊन सूफी गुरू म्हणून जगभर ओळखला गेला. एका घरातल्या तीन पिढ्यांचा हा प्रवास बघितला की कळतं, बडोद्याची गायनशाळा निव्वळ दरबारी थाट नव्हती.

याच शहरात किराना घराण्याचे गायक अब्दुल करीमखाँ काही वर्षं होते. सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे शिकल्या, त्यांच्याबरोबर बडोदे सोडून गेल्या, आणि त्यांच्या मुलीने पुढे ‘हिराबाई बडोदेकर’ हे नाव लावलं. सोडून आलेल्या गावाचं नाव आडनाव म्हणून मिरवायचं, यात केवढी कहाणी आहे! पण तो विषय वेगळा.

नृत्याचा धागा आणखी दक्षिणेतून येतो. १८८० मध्ये सयाजीरावांचं पहिलं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झालं. त्याच चिमणाबाई (पहिल्या). त्यांच्याबरोबर आंदण म्हणून तंजावरी नर्तकी आणि त्यांचे साथीदार आले. भरतनाट्यम हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी हा नाच गुजरातेत पोचला तो असा, तंजावरच्या मराठी घराण्याच्या वाटेने. गौरा आणि कांतिमती या दोघींची नावं आजही घेतली जातात. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे याच विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात नृत्य शिकवलं. आई दरबारच्या नोकरीत नाचली, मुलगा विद्यापीठाच्या नोकरीत शिकवायला उभा राहिला. संस्थान ते विद्यापीठ हा सांधा समजून घ्यायचा तर या एका घराकडे पाहिलं तरी पुरे.

मार्च १९१६ मध्ये संगीतशास्त्रकार विष्णू नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने आणि सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. संगीताची शास्त्रशुद्ध मांडणी, समान स्वरलिपी, राष्ट्रीय अकादमी असे मोठे विषय तिथे चर्चेला आले. फैयाजखाँ तोवर दरबारात रुजू झाले होते आणि १९१७ मध्ये संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन श्रीकृष्ण रातंजनकर नावाचा तरुण त्यांच्याकडे शिकायला आला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

चित्रं होती, चित्रशाळा नव्हती

१९४९ पूर्वी बडोद्यात दृश्यकलेचा दुष्काळ होता असं मुळीच नाही. १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले त्या समारंभासाठी दिवाण टी. माधवराव यांनी राजा रविवर्म्याला बोलावलं. (हे माधवरावही तंजावरी मराठी परंपरेतले, बडोद्याच्या कलेत तंजावर वारंवार डोकावतं.) नंतर रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी काढून घेतली. १८९४ ची संग्रहालयाची इमारत, १९२१ मध्ये लोकांना खुली झालेली चित्रदीर्घा, आणि १९४० च्या दशकात त्या संग्रहालयावर संचालक असलेले जर्मन कलाइतिहासकार हेर्मान गोट्स. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, तर खुद्द शांतिनिकेतनचे नंदलाल बोस भिंती रंगवून गेले. गंगावतरण, मीराबाई, ‘नटीर पूजा’ (रवींद्रनाथांचं नाटक) आणि महाभारतातला संग्राम, अशा चार भिंती. १९३९ पासून पुढची काही वर्षं हे काम टप्प्याटप्प्याने चाललं होतं.

म्हणजे बघायला चित्रं होती, बघणारी माणसं होती. शिकायची सोय तेवढी नव्हती. ‘कलाभवन’ हे नाव ऐकून आज गैरसमज होतो. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी उभं केलेलं कलाभवन म्हणजे तंत्रशाळा. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि त्याच ओळीत रेखाटन. कला म्हणजे कसब, हा जुना अर्थ तिथे जिवंत होता. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडून १८९० मध्ये इथेच आले. चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. असा विद्यार्थी त्याच संस्थेत घडू शकतो जिथे रंग आणि रसायन एका छपराखाली आहेत. विद्यापीठ आल्यावर मात्र कलाभवनाचं रूपांतर तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत झालं. चित्रकलेकडे त्यातलं काही आलं नाही. मला ही वाटणी फार सोयीची आणि थोडी करंटी वाटते. पण नव्या विद्याशाखेला जुन्या संस्थेचं ओझंही मिळालं नाही, आणि ते तिच्या पथ्यावर पडलं.

पुष्पबाग

पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहतांची मुलगी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे इंग्रजी शब्द काढून ‘सर्व मानव’ करायला लावणाऱ्या त्या याच. १९४९ ते १९५८ अशी नऊ वर्षं त्यांनी विद्यापीठ चालवलं. चित्रकलेला विज्ञानाच्या आणि वाङ्मयाच्या बरोबरीने स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा त्यांच्या काळात मिळाला. जे. जे. मध्ये तेव्हा पदविका होती; शांतिनिकेतनात कलाभवन (नाव तेच, पण हे चित्रकलेचं) १९१९ पासून होतं, पण तिथला रिवाज आश्रमाचा. ‘चित्रकलेत बी. ए., मग एम. ए.’ ही भाषा त्या वेळी नवी होती.

विद्यापीठाच्या घडणीतली एक गोष्ट इथे कामी आली. महाराजा सयाजीराव विद्यापीठ एककेंद्री होतं. बाहेरची संलग्न महाविद्यालयं नाहीत, त्यामुळे एक अभ्यासक्रम बदलायचा तर पन्नास ठिकाणच्या मंडळांची संमती घ्यावी लागत नव्हती. शिकवणाऱ्यानेच अभ्यासक्रम लिहायचा, शिकवायचा आणि दोन वर्षांनी चुकला वाटला तर खोडायचा.

पहिले अधिष्ठाता मार्कंड भट्ट. ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये शिकून आले होते. चित्रकला विभागावर नारायण श्रीधर बेंद्रे आले. जन्म इंदूरचा, दत्तात्रय देवळालीकरांच्या तालमीतला माणूस, तोवर नावारूपाला आलेला. शिल्पकलेवर शांखो चौधुरी, रामकिंकर बैज यांचे शिष्य. १९५१ मध्ये के. जी. सुब्रमण्यन रुजू झाले. केरळचा जन्म, शांतिनिकेतनचं शिक्षण. माळव्यातला मराठी माणूस, बंगाली शिल्पकार, मल्याळी चित्रकार आणि गुजराती अधिष्ठाता. यातला कुणीही गायकवाडांच्या कारखान्यातून आलेला नव्हता, आणि सगळे तरुण किंवा ऐन उमेदीतले.

पुष्पबाग नावाच्या आवारात ही विद्याशाखा वसली. तिथे जे झालं ते पाठ्यक्रमाच्या कागदापेक्षा मोठं होतं. शिक्षक स्वतःची चित्रं तिथेच करत. बेंद्र्यांनी या काळात घनवादाशी (क्यूबिझमशी) झुंज घेतली; १९५५ मध्ये ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या ‘काटा’ या चित्राला पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्याने मास्तराला अडलेलं पाहिलं, खोडताना पाहिलं, जिंकताना पाहिलं. १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ निघाला, त्यात मास्तर आणि विद्यार्थी एकाच भिंतीवर चित्रं लावत. जे. जे. च्या तेव्हाच्या शिस्तीत ही बरोबरी पचली असती का, शंकाच आहे.

सुब्रमण्यन मधली दोनेक वर्षं हातमाग मंडळात काम करून परत आले आणि विणकर, कुंभार, खेळणी करणारे यांना त्यांनी आधुनिक चित्रकाराच्या शेजारी बसवलं. १९६१ पासून फाइन आर्ट्सची जत्रा भरू लागली. मास्तर, विद्यार्थी मिळून लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी करायचे, कठपुतळ्या, मुखवटे, दागिने करून विकायचे. अख्खं बडोदं तिथे लोटायचं. गोट्यांसारखे डोळे असलेली सुब्रमण्यनांची ती खेळणी आज कलाइतिहासाच्या पुस्तकांत आहेत. तेव्हा ती चार आण्यांच्या कामासारखी हसतखेळत झाली होती. कलाभवनाच्या वाटणीत निसटलेलं कसब या जत्रेच्या दाराने परत आलं, असं मी मानतो.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे कलेचा इतिहास. हात चालवणाऱ्या विद्यार्थ्याला इथे वाचायला आणि लिहायलाही लावलं. संग्रहालयशास्त्राचा विभागही १९५२ मध्ये निघाला, गावातलं संग्रहालय हाताशी होतंच. रतन परिमू चित्रकलेचे विद्यार्थी म्हणून आले आणि कलाइतिहासाचे प्राध्यापक झाले. गुलाममोहम्मद शेख चित्रकार, गुजराती कवी आणि १९६० पासून कलाइतिहासाचे शिक्षक, तिन्ही एकदम. भूपेन खखर तर मुंबईचे हिशेबनीस. १९६२ मध्ये कलासमीक्षा शिकायला बडोद्याला आले, दिवसा कुणाचे तरी हिशेब लिहीत राहिले आणि घड्याळजी, न्हावी, चौकटीतली साधी माणसं रंगवत भारतातले एक महत्त्वाचे चित्रकार झाले. समीक्षेच्या दाराने आत येऊन चित्रकार होता येतं, अशी ती जागा होती. १९६९ मध्ये शेख आणि खखर यांनी ‘वृश्चिक’ हे छोटं नियतकालिक काढलं. चारेक वर्षं चाललं, पण त्यातल्या वादांनी दिल्लीच्या अकादमीला घाम फोडला.

नावं घेत बसलो तर संपणार नाहीत. ज्योती भट्ट, हिम्मत शाह, विवान सुंदरम, नागजी पटेल, मृणालिनी मुखर्जी. १९७२ पासून नसरीन मोहमदी इथे शिकवत होत्या. गोष्टी सांगणाऱ्या चित्रांच्या या गावात त्या एकट्या शांतपणे रेघा ओढत बसल्या. बडोद्याची ‘शैली’ असं जे म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. शेख आणि मोहमदी एकाच आवारात शिकवत असतील तर शैली कुठली?

सूरसागरच्या काठी

आता विश्वामित्रीच्या पलीकडे, जुन्या शहरात जाऊ. ५ नोव्हेंबर १९५० रोजी फैयाजखाँ बडोद्यात वारले. ज्या वर्षी पुष्पबागेत पहिले वर्ग भरले त्याच वर्षी. गायनशाळा आता संगीत, नृत्य आणि नाट्य महाविद्यालय झाली होती आणि पुढे विद्यापीठाची स्वतंत्र विद्याशाखा झाली.

इथले शिक्षक कमी प्रतीचे होते का? अजिबात नाही. रमणलाल मेहता वर्षानुवर्षं प्राचार्य होते. १९७० मध्ये त्यांनी भारतीय संगीतशास्त्र परिषद काढली, तिचं नियतकालिक चालवलं, आणि २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. गायनात शिवकुमार शुक्ल, तबल्यात अजराडा घराण्याचे सुधीरकुमार सक्सेना, कथ्थकमध्ये सुंदरलाल गंगाणी. भरतनाट्यमला चेन्नईच्या ‘कलाक्षेत्र’ संस्थेत तयार झालेले सी. व्ही. चंद्रशेखर, जे पुढे इथले अधिष्ठाता झाले. नाट्यविभागात गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता. यादी पुष्पबागेच्या यादीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते.

अडचण शिकवणाऱ्यांत नव्हती, शिक्षणाच्या घडीत होती. चित्रकलेत सतराव्या वर्षी सुरुवात करून पंचविशीत बरं काम करता येतं. गाण्यात सतराव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर. गळा आणि हात त्याआधी घडावे लागतात. त्यामुळे संगीत महाविद्यालयाला पदवीच्या वर्गांबरोबर लहान मुलांचे, नोकरदारांचे, संध्याकाळचे पदविकेचे वर्ग चालवावेच लागले. एकाच जिन्यावरून एम. म्यूझचा, म्हणजे संगीतातल्या पदव्युत्तर वर्गाचा, विद्यार्थी आणि पेटी शिकायला आलेला आठ वर्षांचा पोरगा वर जाणार. संस्थानकाळातली ‘शाळा’ तिथून कधी गेलीच नाही. जावी असंही मला वाटत नाही.

मग वेळापत्रक. पुष्पबागेत विद्यार्थी सकाळी स्टुडिओत शिरला की अंधार पडेपर्यंत तिथेच. सूरसागरच्या काठी तासिका. तास संपला की षड्ज सोडून उठायचं. परीक्षेला इतके राग, इतके ताल, इतक्या बंदिशी स्वरलिपीसह. मौलाबक्षांच्या काळात स्वरलिपी ही मुक्तीची किल्ली होती. शंभर वर्षांनी ती परीक्षेच्या वहीचा भाग झाली. चित्रकाराच्या वर्गाला असा ठरावीक साठा पाठ करावा लागत नाही, हे त्याचं नशीब.

परीक्षा कुणाची

पण या सगळ्याहून निर्णायक मला एक वेगळीच गोष्ट वाटते. चांगलं काय हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता?

चित्रकलेत १९५० च्या सुमारास ही जागा बरीचशी रिकामी होती. संस्थानिक गेले होते, इंग्रज साहेब गेला होता, चित्रांचा बाजार नावापुरता होता. ललित कला अकादमीची स्थापना १९५४ ची, म्हणजे फाइन आर्ट्सपेक्षा धाकटी. या पोकळीत विद्यापीठाने स्वतःच मापं बनवली. कुणाला शिकवायला घ्यायचं, कोणतं चित्र चांगलं, ते का चांगलं, हे लिहिणारा समीक्षकही घरचाच. अकादमीच्या समित्यांवर जाणारी माणसंही पुष्कळदा इथलीच.

संगीतात ती जागा रिकामी नव्हती. मैफल होती, घराणी होती, आणि दरबारांच्या जागी आकाशवाणी येऊन बसली होती. १९५० च्या दशकात बाळकृष्ण केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना कलाकारांच्या ध्वनिचाचण्या सुरू झाल्या. मोठमोठे कलावंत त्यावरून चिडले. चाचणी मंडळाचे प्रमुख होते श्रीकृष्ण रातंजनकर, तोच तरुण जो १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन फैयाजखाँकडे शिकला होता. बडोद्याच्या पैशावर घडलेला परीक्षक दिल्लीत बसला होता. बडोद्याच्या एम. म्यूझवाल्याने पदवी खिशात ठेवून त्याच्यापुढे, किंवा त्याच्यासारख्यापुढे, पुन्हा गायला बसायचं. त्यात पास झाला तरी मैफलीत लोक विचारणार, ‘गुरू कोण?’ विद्यापीठाचं नाव हे त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, आजही नाही.

म्हणून संगीत विद्याशाखेने जे घडवलं ते मुख्यतः शाळाशाळांतून शिकवणारे संगीतशिक्षक, रेडिओचे वादक, साथीदार, जाणते श्रोते. त्यांची नावं लिलावाच्या यादीत येत नाहीत. बडोद्यात एखाद्या साध्या घरी बंदिश ऐकून ‘अहो, ही तर आग्र्याची चीज’ म्हणणारी आजी भेटते ती या शाळेची कमाई. तिला अपयश म्हणणं अन्यायाचं ठरेल. तुलनाच जर प्रसिद्धीच्या मापाने केली तर मात्र चित्रं जिंकतात, कारण ते माप चित्रांच्याच बाजूने बनलं आहे.

एक दोष मी तरीही संगीत विभागाच्या पदरात टाकतो. गाणारे आणि गाण्यावर लिहिणारे तिथे वेगळे राहिले. रमणलाल मेहतांनी परिषदा भरवल्या, ग्रंथ छापले, पण शेख किंवा खखर यांच्यासारखं, एकाच माणसाने सकाळी रियाज आणि संध्याकाळी वाद, असं तिथे रुजलं नाही.

मे २००७

माप स्वतःकडे ठेवण्याची किंमतही पुष्पबागेने मोजली. मे २००७ मध्ये वार्षिक मूल्यमापनासाठी मांडलेल्या कामांत एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या चित्रांवर धार्मिक भावना दुखावल्याचा आरोप झाला. बाहेरची माणसं आवारात शिरली, विद्यार्थ्याला अटक झाली. ती चित्रं विक्रीला नव्हती, जाहीर प्रदर्शनातही नव्हती, उत्तरपत्रिकाच म्हणायची. विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून भारतीय शिल्पपरंपरेतल्या शृंगारशिल्पांची छायाचित्रं विभागाच्या संग्रहातून काढून लावली. ती उतरवायला प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला, म्हणून विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. देशभरातून चित्रकार उभे राहिले. प्रशासन मात्र आपल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभं राहिलं नाही.

एककेंद्री विद्यापीठाचा जो फायदा १९५० मध्ये झाला, त्याची दुसरी बाजू इथे दिसली. सगळी सूत्रं एका कार्यालयात. तिथली माणसं हंसा मेहतांसारखी असली तर नवी विद्याशाखा उभी राहते, नसली तर जुनीला कुलूप लागतं.

याआधी, २००२ च्या दंगलीत, फैयाजखाँच्या कबरीची नासधूस झाली होती. त्यांच्या नावाला त्या वेळी कुठलीही विद्याशाखा, कुठलाही विद्यार्थी-समूह ढाल म्हणून पुढे नव्हता. चित्रांच्या बाजूने २००७ मध्ये निदान एक बोलकी बिरादरी होती.

दोन निवृत्त्या

के. जी. सुब्रमण्यन १९८० मध्ये बडोदे सोडून शांतिनिकेतनला गेले. तिथून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ते पुन्हा बडोद्याला आले, म्हातारपणीही काम करत राहिले आणि २०१६ मध्ये तिथेच वारले. त्यांचे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे विद्यार्थी, ओतकामाच्या भट्ट्या, छापखाने, सगळं त्या गावात होतं.

सी. व्ही. चंद्रशेखर यांनीही बडोद्यात उमेदीची वर्षं काढली, अधिष्ठातापद सांभाळलं, कुबेरनाथांच्या शहरात पदवीला भरतनाट्यम शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते चेन्नईला गेले. ऐंशीच्या घरातही मंचावर नाचले, २०११ मध्ये पद्मभूषण झाले, २०२४ मध्ये चेन्नईतच गेले. त्यांची मार्गशीर्षातली संगीत-नृत्याची सभा, त्यांचे टीकाकार, पहिल्या रांगेत बसून हातावर ताल धरणारे म्हातारे, ते सगळे चेन्नईत होते.